रोल: लाडका की हुशार?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, गोड मानून घ्या.

मागच्या आठवड्यात एरंडोलला जुनं घर आवरायला गेलो होतो. नानांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन वीस वर्षं उलटली, पण मागची डार्करूम तशीच कुलूपबंद होती. एन्लार्जरवर नानांचा टॉवेल, कपाटात हायपोची (फोटो पक्का करायच्या रसायनाची) अर्धी बरणी, भिंतीतल्या खिळ्यांवर ताणलेल्या दोरीला लाकडी चिमटे. बरोबर भाचा होता. जळगावला इंजिनिअरिंगला आहे आणि सध्या त्याच्या डोक्यात रोलवर फोटो काढायचं खूळ शिरलंय. कुठून तरी एक जुना पेंटॅक्स के-१००० पैदा केलाय. चिमटे गोळा करता करता त्यानं विचारलं, "मामा, सगळ्यात भारी रोल कोणता?"

मी जराही न थांबता बोलून गेलो, "ओर्वो एनपी-२२."

पठ्ठ्यानं तिथंच मोबाइल काढला. दोन मिनिटांत निकाल हजर: "मामा, हा तर कधीचाच बंद झालाय. आणि कोडॅकचा टी-मॅक्स १०० याच्यापेक्षा ग्रेनला (दाण्याला) बारीक, शार्पनेसला सरस. मग ओर्वो भारी कसा?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे दिलं, पण ते मामा लोक देतात तसलं: "तुला नाही कळायचं." रात्रभर टोचत राहिलं, म्हणून इथे लिहितोय.

नव्या मंडळींसाठी थोडं. ओर्वो हा पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा माल. कारखाना मूळचा आग्फाचा. 'ओरिजिनल वोल्फेन'चं 'ओर्वो' हे नाव १९६४ पासूनचं. परकीय चलनाची मारामार होती त्या काळात पूर्व जर्मनीशी व्यवहार रुपयांत चालायचा, त्यामुळे कोडॅक मिळो न मिळो, ओर्वो मिळायचा. नावातला आकडा रोलच्या वेगाचा (जेवढा जास्त तेवढा कमी उजेडात चालतो), जर्मन डिन पद्धतीतला: २० म्हणजे ८० एएसए, २२ म्हणजे १२५, २७ म्हणजे ४००. दुसरा हक्काचा रोल आपला इंदू, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. बडोद्यात बनलेल्या आग्फा क्लिक-३ कॅमेऱ्यात आमच्याकडे हेच दोन पडायचे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, तेरावा मागायचा नाही.

आता खरं कारण सांगतो. १२० चा (पाठीला कागद असलेला) रोल संपला की कागद पूर्ण गुंडाळायचा आणि टोकाची गोंदपट्टी ओली करून चिकटवायची, नाहीतर गुंडाळी सैल पडून कडेनं उजेड शिरतो. ते काम माझं. लग्नात नाना पुढचा रोल भरायला घेत आणि संपलेला माझ्या हातात देत. मी पट्टी जिभेवरून फिरवायची आणि अंगठ्यानं दाबून धरायची. सहा-सात वर्षांचा असेन. ओर्वोच्या गोंदाला किंचित गोडसर चव होती. एका लग्नाला आठ-दहा रोल लागायचे. तर मंडळी, माझा आवडता रोल मी चवीवरून ठरवलाय. हे भाच्याला कोणत्या तोंडानं सांगू?

तुमचा लाडका कोणता? आणि तो हुशारही होता का?

आहिर_भो

आरे भो, तुले रोलनी चव आवडनी, फोटोनं ते कोनी इचारंच नही! मना बाप तंबाखूबी असाच चाखीसन ठरावे.

केळीबागायत

पहिल्या पाचात! रात्री लाइट आली की मोटार चालू करून सावकाश लिहितो.

दशांशचिन्ह

धागा छान, पण 'चांगला' म्हणजे काय ते आधी ठरवलं नाही तर चर्चेचं भरीत होईल. (जळगावचं असलं तरी.)

मोजता येतं ते मोजू. ग्रेन मोजायची रीत अशी: एकसारख्या करड्या पडलेल्या निगेटिव्हवरून ४८ मायक्रॉनचं भोक फिरवत न्यायचं आणि घनता किती वरखाली होते ते बघायचं. आकडा लहान तेवढा दाणा बारीक. कंपन्यांच्याच माहितीपत्रकांत ट्राय-एक्स ४०० चा आकडा १७ आहे आणि टी-मॅक्स १०० चा ८. स्लाइडमध्ये फुजीचा वेल्व्हिया ५० हा ९ आणि प्रोव्हिया १००एफ हा ८. बारकाव्यांच्या बाबतीत टी-मॅक्स १०० एका मिलिमीटरमध्ये २०० रेघजोड्या सुट्या दाखवतो, पण त्या लख्ख काळ्या-पांढऱ्या असतील तर. फिक्या करड्या असतील तर ६३ वर येतो. खऱ्या आयुष्यात बहुतेक गोष्टी फिक्या करड्याच असतात, हेही सांगून ठेवतो.

कारण साधं आहे. जुन्या रोलमधले चांदीच्या क्षाराचे स्फटिक खड्यांसारखे ओबडधोबड. १९८६ मध्ये आलेल्या टी-मॅक्समध्ये ते चपटे, पत्र्याच्या तुकड्यांसारखे. तेवढ्याच चांदीत चपटा तुकडा जास्त जागा झाकतो. इल्फर्डच्या डेल्टा रोलमागचा विचारही याच वाटेनं गेलाय. ज्यांना फक्त रेघाच मोजायच्यात त्यांनी अॅडॉक्स सीएमएस २० वापरावा. वेग २० एएसए, खास डेव्हलपर (फोटो उमटवणारं रसायन) वेगळा, भर दुपारीही हात हलला की फोटो गेला.

म्हणजे भाचा बरोबर आहे. तुमची आवड रोलशी नाही, बालपणाशी आहे. त्याच गोंदाचा टी-मॅक्स तुमच्या जिभेवर पडला असता तर आज तो लाडका असता.

गिरणाकाठ

दशांशराव, आकडे शिरसावंद्य. पण कृष्णधवलचे ते आकडे २० अंशांच्या पाण्यातले. मे महिन्यात एरंडोलला २० अंशांचं पाणी आणायचं कुठून, ते माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. नाना डार्करूमचं काम रात्री दोननंतर काढायचे. दोन माठ फक्त त्यासाठी ठेवलेले, वरून ओलं गोणपाट. खानदेशातली हवा उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत असते म्हणून माठ तरी गार होतो. कोकणात ही युक्ती चालली नसती. माठाचं पाणी २५-२६ पर्यंत यायचं. पुढचं काम बर्फाचं. बर्फगोळेवाल्याकडून आणलेली लादी फोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची, पिशवी घमेल्यात आणि घमेल्यात डेव्हलपरची बाटली. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होतो.

डेव्हलपर घरीच व्हायचा. डी-७६ चा नुस्खा नानांनी भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवला होता, अजून दिसतो: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, टाकणखार २. वजनाला सोनाराचा जुना तराजू. आता गंमत अशी की पाणी जेवढं गरम तेवढा वेळ कमी लागतो, आणि वेळ पाच मिनिटांखाली गेला की आकाशावर ढगांसारखे डाग पडायला लागतात. मग नाना डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी घालून वेळ लांबवायचे.

माझ्या हातून एकदा मोठा घोळ झाला. चौदा वर्षांचा होतो. नाना जेवायला बसले आणि मला म्हणाले, रोल धुऊन टाक. डेव्हलपर बर्फात ठेवलेला, हायपो माठाच्या पाण्यातला, आणि मी शेवटची धुलाई सरळ नळाखाली धरली. नळात टाकीचं पाणी. वाळल्यावर बघतो तर निगेटिव्हवर बारीक सुरकुत्यांचं जाळं, उडदाचा पापड भाजल्यावर दिसतो तसं. गार-गरम एकदम झालं की जिलेटिन असं आकसतं हे नंतर कळलं. बारा फोटो, त्यात सप्तपदीचे चार. नाना दुसऱ्या दिवशी टोपी घालून नवऱ्या मुलाच्या वडिलांकडे गेले. पैसे परत केले. मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून हायपोत तुरटी वाढली. तुरटीनं जिलेटिन टणक होतं, आपल्याकडे दाढीनंतर गालाला लावतात तीच तुरटी.

आणि टी-मॅक्सचंही सांगतो. एका नातेवाइकानं मुंबईहून पाच रोल आणून दिले होते. नानांनी नेहमीसारखे धुतले. निगेटिव्ह गुलाबी-जांभळट निघाले आणि नवरदेवाचा पांढरा शर्ट पार विटून गेला, शिलाई ना बटण. चूक रोलची नव्हती. त्याला फिक्सिंग जास्त वेळ लागतं, हायपो ताजा लागतो; आमचा हायपो महिनाभर पिळून काढलेला. शिवाय वेळ-तापमान इकडचं तिकडे झालं की तो लगेच दाखवतो. ओर्वो आणि इंदू असल्या चुका पोटात घालायचे.

हुशार पोरगं आणि गुणी पोरगं यांतला फरक म्हणा.

आहिर_भो

हाई गोट खरी शे.

दशांशचिन्ह

नानांना दंडवत. पण तुम्ही माझीच बाजू मजबूत केलीत. चूक पोटात घालणं हाही मोजता येणारा गुण आहे. उजेड दोन-तीन पट जास्त पडला, पाणी चार अंश गरम झालं, तरी किती टिकलं? मोजा. म्हणजे एरंडोलच्या मे महिन्यासाठी एनपी-२२ तांत्रिकदृष्ट्याच चांगला होता. आवडीचा प्रश्न उरलाच कुठे?

गोंदाचा उरतो, ते मान्य.

चाळीसगाव_आउटर

दशांशचिन्ह यांच्या मुद्द्यात थोडी भर. आमच्या चाळीसगावात केकी मूस होऊन गेले (१९१२-१९८९). स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्य काढलं, बाहेर जवळपास पडलेच नाहीत. टेबल-टॉप फोटोग्राफीत त्यांचं मोठं नाव: टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, दिवा हवा तिथे ठेवायचा आणि त्यातून अख्खा देखावा उभा करायचा. शाळेत असताना बाईंनी आम्हाला त्यांच्या संग्रहालयात नेलं होतं. एका फोटोसमोर उभा राहून मी बाईंना विचारलं, हे गाव कुठलं? बाई म्हणाल्या, गाव नाही रे, टेबल आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ज्यानं खोली, दिवा, वेळ सगळं मुठीत ठेवलंय त्याच्यासाठी चांगला रोल आणि आवडता रोल एकच असू शकतो. वरातीत घोड्यापुढे उलटं चालत फोटो काढणाऱ्याचं तसं नसतं. त्याला बँडवाल्याचा धक्का लागला तरी चालणारा रोल लागतो.

केळीबागायत

आली लाइट. लिहितो.

तुमचं सगळं काळं-पांढरं चाललंय, मी रंगीतवाला. सावद्याकडे केळी आहे आमची. हौसेनं फोटो काढायचो, पंचाण्णव-सहाच्या सुमारास वेल्व्हिया ५० चा एक रोल हाती लागला. स्लाइडचा रोल म्हणजे उजेड अर्ध्या स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चुकला तरी माफी नाही. तो मी आमच्या बागेत काढला. भिंतीवर प्रोजेक्टरनं दाखवला तेव्हा भाऊ म्हणाला, "हे आपलं शेत नाही. इतका युरिया आपण टाकलाच नाही."

खरंच, तो हिरवा म्हणजे हिरव्याला दारू पाजल्यासारखा. सगळ्यांनी वाहवा केली. कॅलेंडरवाल्यांना तोच लागतो. पण मला विचाराल तर माझा लाडका साधा कोडॅक गोल्ड १००. केळीच्या पानाला वाऱ्यानं चिरा पडतात, कडा वाळून तपकिरी होतात, खोडावर डागांची साल सुटते. गोल्डवर ते सगळं दिसायचं, वर संध्याकाळचं पिवळं ऊन थोडं जास्तच पिवळं होऊन यायचं. वेल्व्हियात बाग सुंदर होती, गोल्डमध्ये ती माझी होती. आमच्या गावचा स्टुडिओवाला म्हणायचा, बागेला फुजी, हळदीला कोडॅक. मी उलटं केलं.

धुळ्याची_लेक

केळीबागायतदादा, राग मानू नका, पण एक गुपित फोडते.

मी १९९५ ते २००४ धुळ्यात एका कलर लॅबमध्ये मशीनवर होते. तुमचे 'कोडॅक पिवळा, फुजी हिरवा' यातले निम्मे रंग माझ्या बोटांचे. निगेटिव्ह समोर आलं की प्रिंटिंग मशीनवर चार बटणं: पिवळा, मजेंटा, सायन आणि डेन्सिटी. प्रत्येक कंपनीच्या रोलला मशीनमध्ये वेगळा चॅनेल, कारण निगेटिव्हचा तो नारिंगी रंग प्रत्येकाचा निराळा. गर्दीच्या दिवशी कोनिकाचा रोल कोडॅकच्या चॅनेलवर गेला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. तुम्हाला आवडलं ते दिवसभर उभी राहून पाय दुखत असलेल्या एका बाईचं 'एक पिवळा जास्त'.

आणि मालकांचा कायमचा हुकूम: नवरीच्या फोटोला डेन्सिटी कमी. म्हणजे गोरी काढा. हजारो मुली मी गोऱ्या करून पाठवल्यात. आता आठवलं की कसंतरी होतं.

ट्यूबलाइटखालच्या लग्नांचं तर विचारूच नका. मांडवात ट्यूबलाइट, फ्लॅश मागपर्यंत पोचत नाही, मागची अख्खी पंगत हिरवी. फुजीनं रियाला या रोलमध्ये १९८९ पासून रंगांच्या तीन थरांना चौथा थर जोडला तो याच त्रासावर. एखादा रियालाचा रोल आला की मशीनवर बसल्या बसल्या ओळखायचे, पाहुण्यांचे चेहरे माणसांसारखे दिसायचे. तांत्रिकदृष्ट्या माझ्या हातून गेलेला तो सगळ्यात चांगला रोल. पण बहुतेक लोक आणायचे ते स्वस्तातला.

गिरणाकाठदादांच्या पाण्यावरून आठवलं. रंगीत रोलची सी-४१ प्रक्रिया ३७.८ अंशांवर चालते, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं. मे महिन्यात आमच्या मशीनचा हीटर बंद ठेवला तरी चालेल असं वाटायचं. ही प्रक्रिया खानदेशासाठीच काढलीय असं आमचा टेक्निशियन म्हणायचा.

आता माझ्या लाडक्याचं. माझं लग्न १९९७ चं. फोटो आमच्याच लॅबमध्ये छापले, पण मी सुट्टीवर, मशीनवर दुसरी मुलगी. तिनं शालू निळा काढला. शालू होता मोरपंखी. दोन वर्षांपूर्वी लेकीनं निगेटिव्ह स्कॅन करून घेतले. अगदी खरा मोरपंखी आला, जरीचा काठसुद्धा मोजून घ्यावा असा. सगळे म्हणाले, बघ किती छान. मी मान डोलावली, पण अल्बममधला निळाच फोटो परत लावून ठेवला. अठ्ठावीस वर्षं मी निळ्या शालूत लग्न केलंय, आता बदलू कसा?

(अवांतर: चिकट पानांच्या अल्बममध्ये कुणाचे फोटो असतील तर हळूच काढून कागदी पाकिटात ठेवा. तो गोंद फोटो खातो.)

केळीबागायत

ताई, राग कसला. माझं पिवळं ऊन तुमचं निघालं तर आनंदच आहे. सावद्याचे रोल धुळ्याला जायचे नाहीत पण, भुसावळला जायचे. तिथेही कुणीतरी पाय दुखणारी ताई असेल.

दशांशचिन्ह

धुळ्याची_लेक यांचा प्रतिसाद वाचून माझं एक गृहीतक कोसळलं. मी रोल मोजत होतो, लोक प्रिंट बघत होते. +१.

सातपुडा_सायकल

मी या सगळ्यांत लहान. माझा जन्म झाला तेव्हा रोल जवळजवळ संपलेच होते. त्यामुळे माझी आवड बालपणाची नाही, गोंदाची तर नाहीच. ऑनलाइन मागवतो, एका रोलच्या पैशात दोन जणांचं पोटभर जेवण होतं, म्हणून जपून वापरतो.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीला गेलो होतो. ती पहाटे पेटते. रात्रभर ढोल, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधून नाचणारे बुध्या. उजेड म्हणजे लांबच्या दिव्यांचा आणि शेवटी होळीचा. बॅगेत दोन रोल होते: डेल्टा १०० आणि एचपी-५. आकड्यांनी डेल्टा सरस. पण १०० च्या रोलवर त्या अंधारात शटर सेकंदभर उघडं राहिलं असतं. एचपी-५ भरला, ४०० चा रोल १६०० चा धरून चालवला. घरी येऊन डी-७६ मध्ये २० अंशांवर चौदा मिनिटं (बर्फासाठी गिरणाकाठकाकांसारखाच फिरलो, मार्च होता तरी).

ग्रेन टपोरा आला. सावल्यांत काहीच उरलं नाही. पण एका नाचणाऱ्या आजोबांची मान मागे गेलीय, टोपातली पिसं हललेली आहेत, आणि धुरातून ग्रेन असा दिसतोय की धूर कुठे संपला आणि रोल कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. आजोबांना विचारून काढला होता. मोठी प्रिंट त्यांना नेऊन दिली. त्यांनी आधी टोप नीट आलाय का ते बघितलं, मग मागे वळवून पाहिलं की मागे काही आहे का.

मित्राकडे डिजिटल होता, त्याचे फोटो स्वच्छ आलेत. त्यालाही माझाच आवडतो. का ते आम्हा दोघांना सांगता येत नाही.

आहिर_भो

आरे पोर्‍या, फोटो टाक ना आठे!

सातपुडा_सायकल

आजोबांना विचारलेलं नाही इथे टाकू का म्हणून. पुढच्या होळीला विचारतो.

भुसावळ_जंक्शन

रेल्वेतून निवृत्त माणूस, उशिरा वाचलं. चर्चा रंगलीय.

ज्यांना रोलच्या तक्रारी आहेत त्यांनी आमच्या भुसावळला एक चक्कर मारावी. मेजर रॉबर्ट गिल यांची कबर इथल्या जुन्या ख्रिस्ती स्मशानात आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात त्यांची अनेक वर्षं गेली. इंग्लंडला पाठवलेल्या त्यांच्या बऱ्याच नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे ते कॅमेऱ्याकडे वळले होते, दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा घेऊन लेण्यांचे फोटो काढले. १८७९ मध्ये वारले. त्या काळी रोल नव्हताच, काचा होत्या. लाडका की हुशार हे विचारायला आधी दोन तरी हवेत.

आता मुद्द्याचं. गिरणाकाठ, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून घरचा फ्रीज उघडला. माझ्या थोरल्या बंधूंना फोटोचा नाद होता, ते गेले. त्यांच्या वस्तूंतला एक रोल आमच्या सौभाग्यवतींनी 'औषध असेल' म्हणून फ्रीजमध्ये ठेवलेला आहे, गेली कित्येक वर्षं. ओर्वो एनपी-२२, १२० चा, पाकीटबंद. मुदत १९८९. माझ्या काही उपयोगाचा नाही. हवा असेल तर घेऊन जा. चहा मिळेल.

गिरणाकाठ

काका, वाचून दोनदा उठून फेऱ्या मारल्या घरात. रविवारी येतो. भाच्याला घेऊन येतो. क्लिक-३ अजून चालतो, शटर मी परवाच उघडझाप करून पाहिलं.

दशांशराव, आता तुमचं काम. पस्तीस वर्षांहून जास्त जुना १२५ चा रोल, फ्रीजमधला. किती वेगाचा धरू?

दशांशचिन्ह

फ्रीजमध्ये होता म्हणजे नशीबवान आहात. दर दहा वर्षांना एक स्टॉप हा हिशोब लोक सांगतात, पण कमी वेगाचा कृष्णधवल रोल गारव्यात त्याच्यापेक्षा बरा टिकतो. ५० धरा. क्लिक-३ मध्ये फार काही बदलता येत नाही, म्हणून लख्ख उन्हातच काढा, सावलीच्या भानगडीत पडू नका. धुके चढलेलं असेल, निगेटिव्ह एकंदर करडं दिसेल. घाबरू नका, छापताना सांभाळता येतं. धुण्याआधी टोकाचा लहानसा तुकडा कापून डेव्हलपरमध्ये टाकून बघा. डिसेंबरात करा, बर्फाची कटकट नको. पहाटे नळाचं पाणीच २० अंश असतं आपल्याकडे.

आणि निकाल काहीही आला तरी तो मोजायला मला पाठवा.

चाळीसगाव_आउटर

डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आहे. घोडेबाजार, तापीचा काठ, भरपूर ऊन. बारा फोटोंना यापेक्षा चांगली जागा नाही.

गिरणाकाठ

ठरलं. नाना दर वर्षी सारंगखेड्याला पडदा लावून बसायचे. घोडा विकत घेतलेल्या माणसाचा घोड्यासकट फोटो. घोडा स्थिर राहत नाही म्हणून नाना त्याच्या मालकाला म्हणायचे, तू हलू नको, घोडा आपोआप थांबेल.

भाच्याला विचारलं, येतो का. म्हणाला, "येतो, पण मी माझा टी-मॅक्स घेऊन येणार, शेजारी शेजारी काढू." काढ म्हटलं. ओर्वोचे सहा त्यानं काढायचे, सहा मी. फक्त एक अट घातलीय: रोल संपल्यावर पट्टी मी चिकटवणार. ते काम माझं आहे.

आहिर_भो

चव कशी शे ते सांगजो भो!